सोंगातला शिपाई

ब्रिटनच्या म्युझिक हॉलमध्ये पुरुषवेषात वावरून पुरुषांच्या ऐटीची खिल्ली उडवणारी व्हेस्टा टिली पहिल्या महायुद्धात सैनिकभरतीचा सर्वांत लोकप्रिय चेहरा ठरली. देशभक्तीच्या बडेजावाला हसणारी कला त्याच देशभक्तीच्या कामाला कशी जुंपली गेली, याची ही कहाणी.

१९१४ सालचा हिवाळा. नाट्यगृह खच्चून भरलेले. सिगारेटच्या धुरातून रंगमंचावर एक तरणाबांड शिपाई अवतरतो. खाकी गणवेश, कमरेला पट्टा, टोपी किंचित तिरकी आणि चालण्यात अशी मिजास की, जणू सारे साम्राज्य याच्याच खांद्यावर उभे आहे. हा गडी कालपरवाच पलटणीत दाखल झाला आहे. आपण आलो म्हणजे आता लष्कराचे सारे सुरळीत होणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. तो गाऊ लागतो आणि प्रेक्षागृहात हशा उसळतो. कारण त्या गणवेशातून ऐकू येतो तो स्वच्छ, उंच पट्टीतला बाईचा आवाज.

ही होती व्हेस्टा टिली. त्या वेळी तिने पन्नाशी गाठली होती. पण रंगमंचावरचा तिचा शिपाई विशीच्या पुढे गेलेला नव्हता. ब्रिटनच्या म्युझिक हॉलमधील पुरुषवेषधारी अभिनेत्रींत तिचे स्थान पहिले होते. तिच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या कारकिर्दीत हसवणूक आणि राष्ट्रभक्ती, उपहास आणि आज्ञाधारकता इतक्या जवळ आल्या की, त्यांतील सीमारेषा कोठे पुसली गेली हे प्रेक्षकांना कळले नाही. कदाचित तिला स्वतःलाही कळले नसावे.

वडिलांची टोपी, वडिलांचा कोट

तिचे मूळ नाव मटिल्डा अ‍ॅलिस पॉल्स. जन्म १३ मे १८६४ रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. तेरा भावंडांत ती दुसरी. वडील हॅरी बॉल या नावाने रंगमंचावर विनोदी कामे करीत आणि ग्लूस्टर येथील म्युझिक हॉलमध्ये कार्यक्रमाची सूत्रे सांभाळीत. म्युझिक हॉल म्हणजे खाणेपिणे, गाणी, नकला, कसरती आणि जादूचे प्रयोग एकाच छपराखाली देणारी श्रमिकांची करमणूक. तेथला प्रेक्षक टाळ्यांत जितका उदार, तितकाच नापसंती दाखवण्यात निर्दय. अशा प्रेक्षकासमोर ही मुलगी वयाच्या चौथ्या वर्षाच्या आतच उभी राहिली.

घरात एकटी असताना ती वडिलांची टोपी आणि कोट चढवून आरशासमोर गात होती, वडिलांनी ते पाहिले आणि तिला तिच्या मापाचा पुरुषी पोशाख शिवून दिला, अशी आठवण सांगितली जाते. सहाव्या वर्षी ती पुरुषवेषात रंगमंचावर आली. सिम्स रीव्हज हा त्या काळचा गाजलेला गायक. त्याची ही चिमुकली आवृत्ती म्हणून तिची जाहिरात झाली. १८७४ मध्ये ती लंडनला पोहोचली. तेथे एक वेगळाच पेच निर्माण झाला. समोर गाणारा हा मुलगा आहे की मुलगी, हेच प्रेक्षकांना उमगेना. तेव्हा शंकेला जागा उरू नये म्हणून मटिल्डाच्या लाडक्या रूपाला, म्हणजे टिलीला, व्हेस्टा हे नाव जोडण्यात आले. व्हेस्टा ही रोमन लोकांची चुलीची आणि अग्नीची देवता. शिवाय मेणकाड्याही त्या वेळी याच नावाने विकल्या जात. छोट्याशा देहात पेट घेण्याची ताकद असलेल्या या मुलीला ते नाव शोभून दिसले.

कुटुंबाचा मोठा भार लवकरच तिच्या मिळकतीवर आला. बालपण रेल्वेचे डबे, भाड्याच्या खोल्या आणि एका रात्रीत दोन-तीन हॉलमधील प्रयोग यांत सरले. मात्र याच काळात तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली. मुलीचे झगे घालून गाण्यापेक्षा पुरुषाच्या कपड्यांत तिला अधिक मोकळीक वाटत होती आणि सांगण्यासारखेही अधिक सापडत होते.

ऐटीचे शवविच्छेदन

रंगमंचावर स्त्रीने पुरुषवेष धारण करणे ब्रिटनला नवे नव्हते. बर्लेस्क या नाट्यप्रकाराचा तो आधारच होता. पुराणकथा, इतिहास, गंभीर नाटके, ऑपेरा असे जे जे भारदस्त, त्याचे बर्लेस्कमध्ये विडंबन होई आणि वीरनायकाची भूमिका तंग विजारीतील तरुणी करीत. लिडिया थॉम्प्सन हिने १८६८ मध्ये आपला संच न्यूयॉर्कला नेला आणि तेथील सभ्य समाजात खळबळ उडवून दिली. नाताळच्या पँटोमाइममध्येही नायक स्त्री आणि थोराड म्हातारी पुरुष, अशी उलटापालट ठरलेली असे. टिलीनेही लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहातील पँटोमाइममध्ये कामे केली.

परंतु बर्लेस्कमधील नायिका पुरुषवेषातही स्त्रीचा डौल मिरवीत असत. टिलीने तो डौलच काढून टाकला. तिचे कपडे लंडनमधील नामांकित शिंपी शिवीत. केसांच्या घट्ट वेण्या बांधून त्यांवर पुरुषी केसांचा टोप ती चढवी. पुरुष रस्त्यात काठी कशी फिरवतो, मित्रांसमोर सिगार कसा पेटवतो, तरुणी दिसताच खांदे कसे मागे घेतो, यांचे ती तासन् तास निरीक्षण करी. तिच्या पोशाखाचा नेमकेपणा एवढा की, पुरुष तिच्याकडून फॅशन उचलू लागले. आवाज मात्र तिने कधी बदलला नाही. प्रेक्षकाला फसवणे हा तिचा हेतूच नव्हता. ही बाई आहे, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तिची मर्दानगी पाहायची होती. जे एक बाई इतक्या सहजपणे अंगावर चढवू आणि उतरवू शकते, ते मुळात कितपत खरे, हा प्रश्न मग आपोआप उभा राही.

बर्लिंग्टन बर्टी, पिकॅडिलीचा अ‍ॅल्जी, वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून मौजमजा करणारा चिरंजीव ही तिची पात्रे विलक्षण गाजली. कधी ती श्रीमंत बापाचा निकम्मा पोरगा होई, तर कधी आठवड्याची तुटपुंजी कमाई समुद्रकिनारी उधळून सुलतान असल्याचा आव आणणारा कारकून. श्रीमंतांना ती त्यांचा पोकळपणा दाखवी आणि गरिबांना त्यांची उसनी ऐट. तिच्यात द्वेष नव्हता. म्हणूनच ज्यांची थट्टा होई तेही टाळ्या वाजवीत.

याच मालिकेत शिपाई आला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात म्युझिक हॉल ही साम्राज्याभिमानाची तालीमच होती. रशियाशी युद्ध भडकण्याच्या बेतात असताना, १८७८ च्या सुमारास, मॅक्डरमॉट या गायकाचे एक युद्धखोर गाणे इतके गाजले की, त्यातील जिंगो या शब्दावरून आंधळ्या राष्ट्राभिमानाला जिंगोइझम हे नाव मिळाले. विशेष म्हणजे या गाण्याचे विडंबनही म्युझिक हॉलमध्येच जन्मले. पुढे पँटोमाइममधील स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेल्या हर्बर्ट कॅम्बेलने लढायची मुळीच इच्छा नसलेल्या भित्र्या माणसाचे गाणे म्हणून जिंगोची टोपी उडवली. एकाच छपराखाली तुतारी फुंकली जाई आणि तिची टिंगलही होई. टिलीचा शिपाई याच परंपरेतला. तो गणवेशाच्या जोरावर मुलींवर छाप पाडतो, छाती फुगवतो आणि आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. परंतु त्याच्या हातून पराक्रम घडल्याचे काही दिसत नाही. शिपायावर प्रेम करणाऱ्या मुलीला शुभेच्छा देणारे तिचे गाणे १९०६ च्या सुमारास घराघरांत पोहोचले, तेव्हा लोक त्यावर हसत होते आणि त्याच तालावर पावलेही टाकीत होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, यातच पुढच्या साऱ्या घटनांचे बीज होते.

राणीने वळवलेली मान

१८९० मध्ये टिलीचा विवाह वॉल्टर द फ्रीस यांच्याशी झाला. ते लिव्हरपूलच्या नाट्यव्यावसायिक घराण्यातले. पुढे अनेक नाट्यगृहे त्यांच्या व्यवस्थापनाखाली आली. टिली अमेरिकेत गेली, तेथेही लोकप्रिय झाली आणि ब्रिटनमधील सर्वाधिक मानधन घेणाऱ्या कलावंतांत गणली जाऊ लागली. रंगमंचाबाहेर मात्र ती कटाक्षाने स्त्रीवेषात राही. उंची झगे, फरचे कोट, दागिने यांत तिची छायाचित्रे प्रसिद्ध होत. मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांचा तो काळ होता. विजार ही गंभीर मागणी ठरू नये, ती केवळ खेळाची बाब राहावी, याची जणू ती दक्षता घेत होती.

तरीही त्या विजारीने एकदा राजदरबाराला अस्वस्थ केलेच. १ जुलै १९१२ रोजी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यासमोर म्युझिक हॉलच्या कलावंतांचा पहिला शाही प्रयोग झाला. द्व्यर्थी गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मेरी लॉइडला त्यातून वगळण्यात आले होते. टिलीला मात्र मानाने बोलावणे गेले. ती पुरुषवेषात रंगमंचावर येताच राणीने नजर दुसरीकडे वळवली आणि बरोबरच्या स्त्रियांनीही तिचे अनुकरण केले, असे सांगितले जाते. टिलीच्या कलेत बोचणारे काहीतरी होते, याची दखल त्या रात्री टाळ्यांपेक्षा त्या वळलेल्या मानेनेच अधिक नेमकी घेतली.

टाळ्यांकडून भरतीकडे

दोन वर्षांनी युद्ध पेटले. ब्रिटनमध्ये तेव्हा सक्तीची लष्करभरती नव्हती. तो कायदा जानेवारी १९१६ मध्ये आला. तोवर लक्षावधी तरुणांना स्वेच्छेने रणांगणावर पाठवायचे होते आणि त्यासाठी म्युझिक हॉलसारखे साधन दुसरे नव्हते. तरुण तेथे रोज येत, घोळक्याने येत आणि उत्साहात असत. द फ्रीस दांपत्याने या कामात स्वतःला झोकून दिले. टिलीने खंदकातला टॉमी रंगवला, समुद्रावरून परतलेला खलाशी रंगवला. गाणे संपले की ती तरुणांना रंगमंचावर येण्याचे आवाहन करी. लंडनमधील हॅकनी येथे एका आठवड्यात ३०० तरुण तिच्या कार्यक्रमांतून दाखल झाले आणि त्यांची तुकडी तिच्याच नावाने ओळखली गेली, अशी नोंद सांगितली जाते. इंग्लंडची सर्वोत्तम भरती अधिकारी ही बिरुदावली तिला याच काळात मिळाली.

प्रेक्षागृहात बसलेल्या तरुणावर काय प्रसंग गुदरत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. समोर गणवेशात एक स्त्री उभी आहे आणि आपण साध्या कपड्यांत खुर्चीत बसलो आहोत. कालपर्यंत जी थट्टा होती, तिची धार आता त्याच्याकडे वळली होती. बाईलासुद्धा गणवेश शोभतो, मग तुला का नाही, असा तो मूक सवाल होता. मर्दानगी हे एक सोंग आहे, हे ज्या वेषाने इतकी वर्षे दाखवून दिले, तोच वेष आता ते सोंग खरे करून दाखवण्याचे आव्हान देत होता.

उत्तर इंग्लंडमधील एका स्त्रीने अनेक वर्षांनी ध्वनिमुद्रित केलेली आठवण या संदर्भात फार बोलकी आहे. ती आपल्या तरुण पतीसह टिलीचा कार्यक्रम पाहायला गेली होती. गाता गाता टिली रंगमंचावरून खाली उतरली आणि खुर्च्यांच्या रांगांमधून फिरू लागली. एकेक तरुण उठून तिच्या मागे चालू लागला. ती या दांपत्याजवळ आली आणि तिने पतीच्या खांद्यावर हात ठेवला. तोही उठला आणि तिच्यामागे गेला. घरी परतल्यावर पत्नीने विनवण्या केल्या. पण शब्द दिला गेला होता. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै रोजी, ५७ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक हताहत झाले. त्यातील १९ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. चार वर्षांपूर्वी याच तारखेला पॅलेस थिएटरमध्ये राणीने मान वळवली होती.

विलायतेला नेणारी जखम

टिली केवळ सरकारी भोंगा झाली होती, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. युद्ध लांबत गेले, जखमी परतू लागले, प्रेक्षागृहात कुबड्या दिसू लागल्या आणि तिचा शिपाईही बदलला. या काळातील तिच्या एका गाण्याचा विषय त्या वेळच्या वातावरणात धाडसाचा होता. त्यातला सैनिक जखमी झाला आहे आणि त्याबद्दल तो मनापासून खूश आहे. कारण जखम अशी आहे की, तो मरणार नाही, पण खंदकातही राहू शकणार नाही. त्याला मायदेशी पाठवावेच लागेल.

अशा जखमेला ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत ब्लायटी म्हणत. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. मूळचा अरबी विलायत हा शब्द हिंदुस्थानीतून येथील गोऱ्या पलटणींच्या तोंडी बसला आणि विलायतीचे ब्लायटी झाले. आपल्याकडे विलायती म्हणजे परमुलखातून आलेले. गोऱ्या शिपायाच्या लेखी मात्र तोच शब्द घर, आई आणि चुलीशेजारची खुर्ची यांचा झाला. फ्रान्सच्या चिखलात तो जीव वाचवणाऱ्या जखमेचे नाव बनला.

देशासाठी सर्वस्व अर्पण करण्याचे आवाहन जिने केले, तिच्याच तोंडून देशासाठी लढताना घरी परतण्याची वाट शोधणारा सैनिक बोलू लागला. त्याला शौर्यपदक नको होते, इतिहासात नावही नको होते. त्याला हवे होते स्वच्छ पांघरूण आणि परिचारिकेच्या हातचा चहा. देशभक्तीच्या भाषणांवर याहून तिखट भाष्य त्या काळच्या रंगमंचावर क्वचितच झाले असेल. तरीही कोणी तिला देशद्रोही म्हटले नाही. ते गाणे मुलाच्या वेषातील एका बाईने गायले होते आणि लोकांनी ते हसून ऐकले होते. जे वाक्य खऱ्या सैनिकाने उच्चारले असते तर त्याची चौकशी झाली असती, ते सोंगातल्या शिपायाला माफ होते. प्रेक्षकांतल्या ज्या सैनिकांना उद्या परत आघाडीवर जायचे होते, त्यांच्या मनातले कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवले, एवढा दिलासा त्यांना मिळाला असेल.

उतरवलेला वेष

१९१८ मध्ये युद्ध संपले. युद्धकाळातील सेवेबद्दल १९१९ मध्ये वॉल्टर द फ्रीस यांना सर हा किताब मिळाला आणि विदूषकाच्या पोटी जन्मलेली म्युझिक हॉलची गायिका लेडी द फ्रीस झाली. राजकारणात उतरू पाहणाऱ्या सरदाराच्या पत्नीने विजार घालून गाणे आता प्रशस्त नव्हते. टिलीने निवृत्तीचा निर्णय घेतला. सुमारे वर्षभर देशभर निरोपाचा दौरा करून त्याचे उत्पन्न तिने ठिकठिकाणच्या बालरुग्णालयांना दिले. ५ जून १९२० रोजी लंडनच्या कोलिसियम नाट्यगृहात अखेरचा प्रयोग झाला. सुमारे वीस लाख लोकांच्या सह्या असलेले मानपत्राचे खंड ज्येष्ठ अभिनेत्री एलन टेरी हिच्या हस्ते तिला देण्यात आले.

त्यानंतर बत्तीस वर्षे ती जगली. वॉल्टर द फ्रीस १९२० पासून १९३१ पर्यंत हुजूर पक्षाचे खासदार होते. त्यांची पत्नी म्हणून ती सभासमारंभांत वावरली आणि नंतर मॉन्टे कार्लोत राहिली. १९३४ मध्ये तिने आठवणी प्रसिद्ध केल्या. पुढच्याच वर्षी पतीचे निधन झाले. १६ सप्टेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, तिने जगाचा निरोप घेतला. पाच वर्षांनी तिच्या जीवनावर चित्रपट निघाला, तोवर म्युझिक हॉलच शेवटच्या घटका मोजत होता.

तिच्या कलेचा खरा हिशेब मात्र आणखी काही वर्षांनी मांडला गेला. १९६३ मध्ये जोन लिटलवूड यांच्या नाट्यसंस्थेने ओह व्हॉट अ लव्हली वॉर हे नाटक आणले. विदूषकांच्या वेषातील नट पहिल्या महायुद्धातली गाणी गात होते आणि मागे मृतांचे आकडे झळकत होते. १९६९ मध्ये रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी त्यावर चित्रपट काढला. गांधी या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून आपल्याला परिचित असलेल्या अ‍ॅटनबरो यांचा हा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट. त्यात मॅगी स्मिथ हिने रंगवलेली म्युझिक हॉलची तारका गोड हसत तरुणांना रंगमंचावर बोलावते. ते मोहून वर चढतात आणि जवळून पाहतात तो रंगाच्या थराखाली एक कठोर, थकलेला चेहरा. तेथून माघारी फिरण्याची वाट मात्र बंद झालेली असते.

त्या व्यक्तिरेखेला टिलीचे नाव दिलेले नाही. पण ते प्रेक्षागृह, ते आवाहन आणि खांद्यावर पडणारा तो हात ओळखू आल्याखेरीज राहत नाही. ज्या रंगमंचाने भरती केली, त्याच रंगमंचाच्या भाषेत विडंबनाने अर्धशतकानंतर जाब विचारला होता.

टिलीला दोषी ठरवणे सोपे आहे आणि तिला केवळ खेळकर कलावंत म्हणून सोडून देणेही तितकेच सोपे. ती या दोन्हींच्या मधे उभी आहे. गणवेशात माणूस किती मावतो आणि ऐट किती, हे तिने आयुष्यभर हसत दाखवले. तो गणवेश तिला रोज रात्री खुंटीला टांगता येत होता. तिच्या हाकेसरशी खुर्चीतून उठलेल्या अनेकांना तो पुन्हा उतरवता आला नाही.